कासा बात्यो

कासा बात्यो ही स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील बार्सिलोना शहरात, पासेच दे ग्रासिया या हमरस्त्यावर ४३ क्रमांकाला असलेली निवासी इमारत आहे. १८७७ मध्ये बांधलेल्या एका साध्या इमारतीचे वास्तुविशारद आंतोनी गौदी (१८५२–१९२६) यांनी १९०४ ते १९०६ या काळात नूतनीकरण केले आणि तिला आजचे रूप आले. ‘कासा’ म्हणजे घर; ‘बात्यो’ हे मालकाचे आडनाव. कातालान भाषेत त्याचा उच्चार ‘बाल्यो’ याच्या जवळ जातो. हाडांसारख्या दिसणाऱ्या दगडी खांबांमुळे स्थानिक लोक या घराला ‘हाडांचे घर’ असेही म्हणतात. २००५ पासून ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

गौदींच्या इतर प्रसिद्ध कामांपेक्षा हे काम एका बाबतीत वेगळे आहे. येथे त्यांना मोकळा भूखंड मिळाला नाही. दोन्ही बाजूंच्या शेजारी इमारती, आधीच उभ्या असलेल्या भिंती आणि ठरलेली रुंदी या मर्यादेत राहून त्यांना काम करावे लागले. त्यामुळे निसर्गातून घेतलेले आकार त्यांनी केवळ शोभेसाठी वापरले की उजेड, हवा व वजन यांचे प्रश्न सोडवण्यासाठी, हे या घरात विशेष स्पष्टपणे पाहता येते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बार्सिलोना शहर तटबंदीच्या आत कोंडलेले होते. १८५४ मध्ये तट पाडण्यास सुरुवात झाली आणि १८५९ मध्ये अभियंता इल्देफोन्स सेर्दा यांचा विस्तार आराखडा पुढे आला. या आराखड्यानुसार वसलेल्या नव्या भागाला एइशाम्प्ले, म्हणजे ‘विस्तार’, हेच नाव पडले. सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस गट, त्यांचे तिरके छाटलेले कोपरे आणि मधोमध मोकळी जागा अशी त्याची रचना होती. जुने शहर आणि ग्रासिया हे गाव यांना जोडणारा पासेच दे ग्रासिया हा रस्ता पुढे श्रीमंत गिरणीमालक व व्यापारी यांच्या निवासाचा मानाचा पत्ता ठरला.

या गटांत घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. प्रत्येक घराला पुढचा रस्ता आणि मागचे अंगण एवढ्याच दोन मोकळ्या बाजू मिळत. उरलेल्या दोन बाजू शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या असत. घर अरुंद आणि खोल असल्याने त्याच्या मध्यभागी असलेल्या खोल्यांना उजेड मिळणे अवघड होई. कासा बात्योची रस्त्याकडील रुंदी जेमतेम साडेचौदा मीटर आहे. गौदींनी पुढे मधल्या चौकावर एवढे श्रम का घेतले, याचे कारण या आकड्यात आहे.

१८७७ ची मूळ इमारत सामान्यतः एमिली साला कोर्तेस यांच्या नावावर मांडली जाते. तळघर, तळमजला, वर चार मजले आणि मागे बाग अशी ती होती. तिच्यात नाव घेण्यासारखे काही नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ती कापड उद्योजक जोझेप बात्यो यांनी विकत घेतली. त्यांच्या पत्नी आमालिया गोदो या ‘ला व्हान्ग्वार्दिया’ हे बार्सिलोनातील वृत्तपत्र स्थापन करणाऱ्या घराण्यातील होत्या. रस्ता प्रतिष्ठित असला तरी घर जुनाट व अंधारे होते. ते पाडून नवे बांधावे असा बात्यो यांचा पहिला विचार होता. गौदी यांनी तो बदलला. भिंतींचा सांगाडा चांगला असताना तो पाडण्याची गरज नाही, नूतनीकरणानेच हवे ते साधता येईल, असे त्यांनी मालकाला पटवून दिले. नोव्हेंबर १९०४ मध्ये परवानगीसाठी अर्ज करण्यात आला आणि १९०६ मध्ये काम पूर्ण झाले.

कामाचे स्वरूप

नव्या योजनेत मालकाच्या कुटुंबासाठी पहिला, म्हणजे मुख्य मजला राखून ठेवण्यात आला. वरच्या मजल्यांवर भाड्याने देण्यासाठी सदनिका काढण्यात आल्या. एइशाम्प्लेतील श्रीमंतांची ही रूढ पद्धत होती. मालक रस्त्यावर मिरवणाऱ्या पहिल्या मजल्यावर राही आणि वरची बिऱ्हाडे घराचा खर्च भागवीत. भाडेकरूंच्या दारांवर गौदींनी क्रमांकांऐवजी अक्षरे बसवली. त्या अक्षरांची वळणेही त्यांनीच आखली. इमारतीवर मजला व माळा चढवल्याने तिची उंची सुमारे २१ मीटरवरून ३२ मीटरच्या आसपास गेली.

रस्त्याकडील भिंतीचा खालचा भाग काढून तेथे दगडी खांब व सज्जे बसवणे हा या कामातील सर्वांत धाडसी टप्पा होता, कारण वरची भिंत जागेवरच राहणार होती. वरचा भार तात्पुरत्या टेकूंवर तोलून धरून खालचा आधार बदलावा लागला. त्यासाठी बार्सिलोनाजवळच्या मोंजुइक टेकडीवरील वालुकाश्म वापरण्यात आला. आकृत्यांवरून पाथरवटांना असे वक्र आकार समजावणे कठीण असल्याने गौदी प्लास्टरची प्रतिकृती तयार करून तिच्या आधारे सूचना देत. दर्शनी भागाच्या रंगकामात वास्तुविशारद जोझेप मारिया जुजोल यांचा मोठा वाटा आहे.

दर्शनी भाग

रस्त्यावरून पाहताना इमारतीचे तीन थर सहज ओळखता येतात. खालचा थर दगडाचा आहे. मुख्य मजल्याच्या लांबलचक खिडक्यांचे कडे ओठांसारखे फाकलेले असून त्यांच्यामध्ये बारीक खांब उभे आहेत. हे खांब पायाच्या हाडासारखे दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळते आहेत. काहींच्या मध्यावर वेलीची नक्षी आहे. जांभई देणाऱ्या तोंडासारख्या या खिडक्यांमुळे घराला ‘जांभयांचे घर’ असे चेष्टेने म्हटले जाई.

मधला थर म्हणजे जुनी सपाट भिंत. गौदींनी तिला हलका लाटांसारखा उठाव दिला आणि त्यावर रंगीत काचांचे तुकडे व चिनी मातीच्या गोल चकत्या बसवल्या. सकाळच्या उन्हात भिंत पाण्यासारखी चमकते. याच भागात भाडेकरूंच्या सदनिकांचे ओतीव लोखंडी सज्जे आहेत. दोन डोळ्यांसारखी भोके असलेले हे कठडे मुखवट्यांसारखे दिसतात.

तुटक्या चिनी मातीची व काचेची ही जडणकाम पद्धत कातालानमध्ये ‘त्रेंकादीस’ म्हणून ओळखली जाते. सरळ फरशी वक्र पृष्ठभागावर बसत नाही. ती फोडून लहान तुकडे केले की बसते. शिवाय कारखान्यातील टाकाऊ माल उपयोगी पडतो. महाराष्ट्रातील अनेक गच्च्यांवर पाणी मुरू नये म्हणून ‘चायना मोझेक’ या नावाने केले जाणारे काम तत्त्वतः याच जातीचे आहे, मात्र तेथे रंगसंगतीचा विचार क्वचितच होतो.

तिसरा थर छपराचा. त्याचे वर्णन पुढे स्वतंत्रपणे येते.

मधला चौक

कासा बात्योत सर्वाधिक विचारपूर्वक केलेला भाग रस्त्यावरून दिसतच नाही. तो घराच्या मध्यभागी आहे. जुन्या इमारतीतही उजेडासाठी एक अरुंद उभी पोकळी होती. गौदींनी ती रुंद केली, वर लोखंड व काच यांचे छप्पर घातले आणि जिना व उद्वाहक (लिफ्ट) तिच्यातच नेले. त्यामुळे जी जागा पूर्वी फक्त खिडकीबाहेरचा काळोख होती, ती प्रत्येक रहिवाशाच्या रोजच्या ये-जा करण्याची वाट झाली. मराठी वाचकाला वाड्याचा चौक आठवेल. फरक असा की वाड्याचा चौक रुंद व उघडा असतो आणि इमारत दोनतीन मजल्यांपलीकडे जात नाही. येथे तीच कल्पना अरुंद आणि बरीच खोल विहीर होऊन उतरली आहे.

अशा विहिरीतील अडचण सर्वांना परिचित आहे. वरच्या मजल्यांना उन्हाचा भडका सोसवत नाही आणि तळाशी दिवसाही दिवा लावावा लागतो. गौदींनी या विषमतेवर तीन उपाय एकत्र योजले.

पहिला उपाय रंगाचा. चौकाच्या भिंतींवर बसवलेल्या फरश्या वरच्या भागात गडद निळ्या आहेत. खाली येत येत त्या फिकट होत जातात आणि तळाजवळ जवळजवळ पांढऱ्या होतात. गडद रंग प्रकाश शोषतो, फिकट रंग तो परतवतो. त्यामुळे जेथे उजेड भरपूर आहे तेथे तो थोडा शोषला जातो आणि जेथे कमी आहे तेथे तो पुढे ढकलला जातो. रंगांतील हा फरक एवढा हळूहळू होतो की जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाला संपूर्ण चौक एकाच निळ्या छटेचा वाटतो. समुद्राच्या तळाशी उभे असल्याचा भास होतो, असे अनेकांनी म्हटले आहे. हा भास प्रत्यक्षात हिशेबाचे फळ आहे.

दुसरा उपाय खिडक्यांचा. सर्वांत वरच्या मजल्यावरील खिडक्या लहान आहेत आणि खाली उतरताना त्या क्रमाने मोठ्या होत जातात. ज्याला उजेड कमी मिळतो त्याची खिडकी मोठी, हे तत्त्व ऐकायला साधे आहे. पण ते पाळायचे तर सर्व मजल्यांच्या खिडक्या एकसारख्या काढण्याची सोय सोडून द्यावी लागते. रस्त्याच्या बाजूला खिडक्यांचा आकार उजेडाच्या गरजेवर ठरत नसे, कारण तेथे मान मुख्य मजल्याचा होता. चौकात मात्र सगळ्यात वरच्या भाडेकरूला आणि खालच्या मालकाला सारखाच प्रकाश मिळावा अशी व्यवस्था झाली.

तिसरा उपाय हवेचा. चौकाकडील खिडक्यांखाली लाकडाच्या उघडमीट करता येणाऱ्या फटी आहेत. काच बंद ठेवूनही त्यांतून हवा आत घेता येते. घरातील गरम हवा चौकातून वर चढते आणि छपरातून बाहेर पडते; तिच्या जागी रस्ता व अंगण यांच्याकडून थंड हवा येते. श्वासासारखी चालणारी ही व्यवस्था कोणत्याही यंत्रावर अवलंबून नाही.

मुख्य मजला

बात्यो कुटुंबाच्या मजल्याकडे जाणारा खासगी जिना ओकच्या लाकडाचा असून त्याच्या कठड्याची मांडणी एखाद्या मोठ्या प्राण्याच्या पाठीच्या कण्यासारखी आहे. जिन्यालगतच्या छतातील काचझरोके कासवाच्या पाठीसारखे दिसतात. या दालनांत सरळ कोपरा शोधून सापडत नाही. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होते ते दाखवणारी रेघ पुसलेली आहे.

दिवाणखान्याचे छत पाण्याच्या भोवऱ्यासारखे दिव्याभोवती गुंडाळलेले आहे. रस्त्याकडील लांबलचक खिडकी प्रतिभारांच्या साहाय्याने वर सरकते. मध्ये उभे पट्टे नसल्याने सर्व खिडक्या वर केल्या की दालन रस्त्यासाठी एखाद्या सज्जासारखे मोकळे होते. पासेच दे ग्रासियावरची वर्दळ पाहणे आणि त्या वर्दळीने आपल्याकडे पाहणे हा त्या काळच्या श्रीमंत घरांचा नित्याचा कार्यक्रम होता, आणि ही खिडकी त्यासाठी उत्तम सोय होती.

अभ्यासिकेत भिंतीच्या आत कोरल्यासारखी, अळंबीच्या आकाराची शेकोटी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना बसण्याच्या जागा आहेत. एका बाजूला लग्न ठरलेली जोडी आणि समोर त्यांच्यावर लक्ष ठेवणारी वडीलधारी बाई अशी या आसनांची कथा सांगितली जाते. जेवणघरामागील गच्ची मागच्या अंगणात उघडते. या घरासाठी गौदींनी आखलेले लाकडी फर्निचर शरीराच्या वळणांप्रमाणे घडवलेले होते. त्यातील काही नमुने आज पार्क ग्वेलमधील गौदी गृहसंग्रहालयात आहेत.

माळा

सर्वांत वर असलेला माळा हा भाडेकरूंच्या सामाईक सोयींसाठी होता. तेथे कपडे धुण्याची व वाळवण्याची व्यवस्था आणि सामान ठेवण्याच्या जागा होत्या. सजावटीचा येथे मागमूस नाही. पांढरा गिलावा, विटा आणि एकामागोमाग एक उभ्या असलेल्या सुमारे ६० कमानी. त्यांच्याखालून चालताना एखाद्या प्राण्याच्या बरगड्यांतून गेल्यासारखे वाटते.

या कमानी अर्धवर्तुळाकार नाहीत. दोन टोकांना बांधून सैल सोडलेली साखळी किंवा फुलांची माळ ज्या आकारात लोंबते त्या आकाराला शृंखलावक्र म्हणतात. लोंबणाऱ्या साखळीत फक्त ताण असतो. तोच आकार उलटा करून दगड-विटांत बांधला तर ताणाऐवजी फक्त दाब उरतो, आणि विटा दाब उत्तम सहन करतात. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी हा संबंध सतराव्या शतकातच मांडला होता. गौदींनी तो आपल्या अनेक इमारतींत वापरला. येथे त्याचा लाभ असा झाला की पातळ विटांच्या हलक्या कमानींवर छप्पर पेलले गेले आणि जुन्या भिंतींवर नव्या मजल्यांचे ओझे मर्यादित राहिले.

छप्पर

छपराचा पुढचा भाग माशाच्या किंवा सरड्याच्या खवल्यांसारख्या कौलांचा असून त्याच्या शेंड्यावरून मोठ्या सिरॅमिक तुकड्यांचा कणा जातो. त्याचे रंग एका टोकाकडून दुसऱ्याकडे बदलत जातात. बाजूच्या बुरुजावर चार दिशांना चार हात असलेला क्रूस आहे आणि त्याखाली येशू, मेरी व जोसेफ यांची मुद्राक्षरे आहेत. या फुगीर छपराच्या आत असलेल्या खोलीत एकेकाळी पाण्याची साठवण केली जाई, हे खालून पाहणाऱ्याला कळत नाही.

बुरुज मूळ आराखड्यात मध्यभागी होता असे मानले जाते. शेजारच्या कासा आमात्येरची पायऱ्यापायऱ्यांची शिखरभिंत आधीच उभी होती. तिच्याशी उंचीचा मेळ बसावा म्हणून गौदींनी बुरुज बाजूला सरकवला आणि शेजाऱ्याच्या दिशेला आपली इमारत खाली घेतली. प्रतिस्पर्धी वास्तुविशारदाच्या कामाला असे मान देणे त्या रस्त्यावर सर्रास घडणारी गोष्ट नव्हती.

क्रूस मायोर्का बेटावर तयार करून घेतला गेला; तेथील पाल्मा शहराच्या कॅथेड्रलचे काम गौदी त्याच सुमारास पाहत होते. वाहतुकीत त्याला तडे गेले. कारागीर नवा करून देण्यास तयार असताना गौदींनी तडे गेलेलाच पसंत केला, तो चुन्याने सांधला आणि धातूच्या कड्याने आवळून बसवला. छपराच्या मागील बाजूला असलेल्या धुराड्यांचे चार गट त्रेंकादीसने मढवलेले आहेत. त्यांचे पिळदार आकार वाऱ्याने धूर परत खाली लोटू नये यासाठीही उपयोगी पडतात.

अर्थ लावण्याचे प्रयत्न

कातालोनियाचा संरक्षक संत सेंट जॉर्ज (कातालानमध्ये सांत जोर्दी) याने अजगरासारख्या राक्षसी प्राण्याला ठार मारल्याची कथा सर्वत्र परिचित आहे. छपराचा कणा म्हणजे तो प्राणी, बुरुज म्हणजे संताचा भाला आणि खालचे हाडांसारखे खांब म्हणजे त्या प्राण्याचे बळी, असे वर्णन मार्गदर्शक सर्रास करतात. इतरांना या दर्शनी भागात कार्निव्हल दिसतो: सज्जे म्हणजे मुखवटे, रंगीत तुकडे म्हणजे उधळलेले कागद. काहींना त्यात शांत समुद्र किंवा कमळांचे तळे दिसते.

यांपैकी कोणतेही स्पष्टीकरण गौदींनी स्वतः लेखी दिलेले नाही. त्यांनी आपल्या कामांविषयी एकूणच फार कमी लिहिले. इतर काही इमारतींत त्यांनी सांत जोर्दीची कथा व धार्मिक चिन्हे उघडपणे वापरली असल्याने हा अर्थ अशक्य नाही. तरी कथेवर जास्त भर दिल्यास चौकातील फरश्यांचा आणि माळ्यावरील कमानींचा विचार मागे पडतो, कारण त्यांना कोणतीच कथा चिकटलेली नाही.

वादाचा गट

पासेच दे ग्रासियाच्या याच गटात कातालान मोदेर्निस्मे या चळवळीतील तीन प्रमुख वास्तुविशारदांची कामे शेजारीशेजारी आहेत. लुईस दोमेनेक इ मोन्तानेर यांचे कासा येओ मोरेरा, जोझेप पुच इ कादाफाल्क यांचे कासा आमात्येर आणि गौदींचे कासा बात्यो. त्या तिघांच्या शैली इतक्या भिन्न आहेत की गटाला ‘वादाचा गट’ असे नाव पडले. स्पॅनिश भाषेत ‘मान्साना’ या शब्दाचा अर्थ इमारतींचा गट आणि सफरचंद असा दोन्ही होतो. ग्रीक पुराणातील देवींमध्ये भांडण लावणारे सफरचंद या नावात सूचित आहे. सौंदर्याचा निवाडा कोणी करायचा, हा प्रश्न या विनोदात दडलेला आहे. शहराच्या नगरपालिकेने दिल्या जाणाऱ्या सर्वोत्तम इमारतीच्या पुरस्कारासाठी कासा बात्यो स्पर्धेत होते, पण निवड दुसऱ्या इमारतीची झाली.

नंतरचा काळ

जोझेप बात्यो १९३४ मध्ये निवर्तले आणि आमालिया १९४० मध्ये. काही काळ घर मुलांच्या ताब्यात राहिले. १९४० च्या दशकात येथे चामार्तीन या नावाने चालणाऱ्या अ‍ॅनिमेशन चित्रपटांच्या निर्मितीचे कामही चाले. १९५४ मध्ये इमारत एका विमा कंपनीने विकत घेतली व त्यात कार्यालये थाटली गेली. १९६९ मध्ये गौदींच्या इतर कामांसह तिला राष्ट्रीय वास्तूचा दर्जा मिळाला. १९९३ मध्ये मालकी बेर्नात कुटुंबाकडे आली. १९९५ मध्ये समारंभांसाठी आणि २००२ मध्ये, गौदींच्या जन्माला १५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, सर्वसाधारण पर्यटकांसाठी दारे उघडण्यात आली. १९८४ मधील ‘आंतोनी गौदी यांची कामे’ या जागतिक वारसा नोंदीत ही इमारत नव्हती. २००५ च्या विस्तारात कासा व्हिसेन्स आणि साग्रादा फामिलियाचा जन्मदर्शनी भाग व तळघर यांच्यासोबत ती समाविष्ट झाली.

भाडेकरूंच्या सदनिकांतील जागा आज प्रदर्शन व अन्य उपयोगांसाठी वापरल्या जातात. २०१९ च्या सुमारास रस्त्याकडील दर्शनी भागाची दुरुस्ती झाली. त्यानंतर जपानी वास्तुविशारद केंगो कुमा यांनी पर्यटकांसाठी नवा जिना आखला. त्याच्या भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या साखळ्यांच्या पडद्यांनी झाकलेल्या आहेत आणि वरून खाली जाताना त्यांचा रंग चंदेरीकडून काळ्याकडे जातो. म्हणजे गौदींच्या चौकात खाली उतरताना छटा फिकट होत जातात, तर येथे त्या गडद होत जातात. मागील बाजूचा दर्शनी भाग व अंगण यांच्या जीर्णोद्धारात रंगाचे नंतरचे थर काढून मूळ रंग परत आणण्यात आले.